बायनाबाईचा गोल कोपरा

रिनाची आलमारी आठवडाभर पडवीत उभी होती आणि तिच्या आरशात पाहून कोंबडा रोज सकाळी स्वतःशी भांडत होता. दोघांपैकी एकही माघार घेत नव्हता.

आलमारीला घरात जागा नव्हती असं नाही. मागच्या खोलीत जागा ऐसपैस होती. नव्हता तो कोपरा. म्हणजे होता, पण मडक्याच्या पोटासारखा गोल. आलमारी तिथे सरकवली की तिची मागची कड गोलाईला अडायची, ती भिंतीपासून हातभर पुढे राहायची आणि खोलीचं दार तिला धडकून अर्ध्यात थांबायचं. पहिल्याच दिवशी रिनाचा सासरा देवराव त्या अर्ध्या दारातून आत शिरायला गेला आणि तिथेच राहिला. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या पोटाचा घेर वाढला होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण इतकं नेमकं मोजून कुणी दाखवलं नव्हतं.

"आई, बाबा अडकले," रिनाने सासूला, बायनाबाईला, सांगितलं होतं. ती राजुऱ्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि सगळ्या बातम्या एकाच आवाजात सांगायची. मिथुनने बापाला दंडाला धरून बाहेर ओढलं, आलमारी पडवीत गेली आणि कोंबड्याला वैरी मिळाला.

तसा या घरातला एकही कोपरा काटकोनात नव्हता. विटा मातीत रचलेल्या, वरून मातीचा गिलावा, आणि तो हाताने सारवणाऱ्या बायकांचा तळहात कोपऱ्याशी आला की आपोआप वळायचा. पण मागच्या खोलीतला तो एक कोपरा जरा जास्तच वळलेला होता. त्याला लागून बायनाबाईची बाज होती. उशी कोपऱ्यात, पाय दाराकडे. बाज दुसरीकडे हलवलेली कुणाला आठवत नव्हती.

जयंतीच्या आधी माती पाडून सिमेंटचा गिलावा करायचा आणि घर रंगवायचं, हे हिवाळ्यापासून ठरत आलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मुखरू गवंडी आला. तो काही वर्षं चंद्रपूरला फ्लॅटच्या कामावर राहून आला होता आणि तेव्हापासून त्याला गोल काही खपत नसे. त्याने पिशवीतून गुण्या काढला, म्हणजे काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी, आणि कोपऱ्याला लावला. गुण्या पाळण्यासारखा डुलला.

"हे घर आहे का घागर?" मुखरूने विचारलं. मग त्याने योजना सांगितली. कोपऱ्याची माती फोडायची, मागच्या विटा उघड्या करायच्या, ओळंबा सोडायचा, आणि गिलावा असा काटकोनात घ्यायचा की आलमारी भिंतीला चिकटून बसेल.

देवराव लगेच हो म्हणाला. त्याला दार पूर्ण उघडायला हवं होतं. मिथुन नेहमी शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा असायचा, आणि त्या क्षणी शेवटी बाप बोलला होता. रिनाने फक्त मान हलवली. बायनाबाई मात्र बाजेवरून उठलीच नाही.

"चौकोनी कोपऱ्यात झाडू पोचते का?" ती म्हणाली. "कोळी जाळं करन तिथी. गोल कोपऱ्यात कोळ्याले धराले जागाच भेटत नाई."

"कोळ्याले विचारून घर बांधाचं का आता?" देवराव म्हणाला.

मग तिने एकामागून एक कारणं काढली. चौकोनी कोपऱ्याची कड कोपराला लागते. उन्हाळ्यात गोल कोपरा थंड राहतो. भाकर गोल, घागर गोल, चूल गोल, तर कोपऱ्यानेच काय पाप केलं. मुखरू म्हणाला, चूल तर चौकोनीच असते बाई. मिथुन आता आईच्या बाजूचा झाला होता, तो म्हणाला की काही चुली गोल असतात. शेवटी बायनाबाई म्हणाली की कोपऱ्याला हात लावला तर घराला लागतं, असं जुने लोक म्हणत. त्यावर देवरावने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण जुने लोक?" त्याने विचारलं. "आपल्या घरात असलं कधीपासून चालते? गल्लीतल्या बायकांपुढं तूच भाषण देत होती ना का दिशाबिशा काई नसते म्हणून?"

ते खरं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

"शनिवारी फोडतो," मुखरू म्हणाला.

"सोमवारी फोड," बायनाबाई म्हणाली.

"सोमवारपासून बल्लारपूरले काम आहे माहं."

"मंग त्याच्यानंतर ये."

"आई, सोमवारी काऊन?" रिनाने विचारलं.

"सोमवार चांगला असते."

"कोणासाठी?"

 बायनाबाई कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि चर्चा संपली असं सगळे धरून चालले.

बायनाबाईला कोळ्याचं काही नव्हतं. तिला रविवार हवा होता.

भिंतीपलीकडे दिराचं घर होतं. हेमराज आणि देवराव एका घरात वाढले, एका खाणीत लागले, आणि दोघांचे संसार वाढले तेव्हा हसतखेळत ठरवून मधे भिंत घालायला घेतली. भिंत दारापासून सुरू झाली आणि मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आली असताना विहाराच्या कमिटीची निवडणूक झाली. हेमराज सचिवपदाला उभा होता. तो एका मताने पडला. ते एक मत सख्ख्या भावाचंच, अशी त्याची खात्री होती. देवरावने शपथा घेतल्या. हेमराजने विटा आणणं थांबवलं, मग देवरावनेही थांबवलं, आणि भिंत जिथे होती तिथे राहिली. तेव्हा हेमराजची स्वाती रांगत होती. आता ती नागपूरला नर्स होती, आणि दोघे भाऊ अजून बोलत नव्हते.

राहिलेली हातभर फट बायकांनी झाकली, ती एकमेकींना न विचारता. बायनाबाईने आपल्या बाजूने बांबूचा तट्ट्या लावून वर माती थापली. हेमराजच्या बायकोने, रुखमाने, तिच्या बाजूने तेच केलं. विटा आज ना उद्या समोरचे लावतील असं दोघींना वाटत होतं. बांबू काटकोनात वळवला तर मोडतो, म्हणून दोघींनी तो गोल वळवला. दोन तट्टे, मधे हातभर पोकळी. ढोलकीही अशीच बनवतात.

हे बायनाबाईला एकदा तापात कळलं. कान भिंतीला लागला होता आणि रुखमा उतू गेलेल्या दुधाला शिव्या देत होती, इतक्या जवळून की बायनाबाईने उशी उचलून खाली पाहिलं. ताप उतरला. बाज तिथून हलली नाही. उजव्या कानातलं सोन्याचं फूल भिंतीवर घासायचं म्हणून तिने ते काढून ठेवलं आणि हरवलं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. हेमराजचं ते एक मत कुणी मारलं हेसुद्धा. रुखमानेच. तसं रुखमाने बहिणीला सांगितलं होतं, सचिव झाले असते तर घरी कधी दिसले असते का, म्हणून मीच दुसऱ्याला दिलं. बायनाबाई त्या दिवशी उशीत तोंड खुपसून हसली होती. हे नवऱ्याला सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं. पण तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं असतं. तेव्हा भांडण राहू दिलं आणि कोपरा ठेवला.

आता स्वातीच्या लग्नाचं चाललं होतं. हेमराजने बँकेतला एक मुलगा काढला होता. स्वातीच्या मनात लालसू होता, भामरागडकडचा गोंड मुलगा, शाळेत शिकवणारा. ही गोष्ट रोज संध्याकाळी स्वातीच्या फोनवरून थोडी थोडी यायची आणि रुखमा ती स्वयंपाक करता करता मोठ्याने पुन्हा बोलून घ्यायची, त्यामुळे बायनाबाईला दोन्ही बाजू मिळत. बायनाबाई लालसूच्या बाजूची होती, कारण पहिल्या भेटीत त्याने स्वातीला बाकी काही न विचारता रात्रपाळीनंतर झोप झाली का, एवढंच विचारलं होतं. आणि बुधवारी स्वाती म्हणाली होती, आई, रविवारी नक्की सांगते.

रविवारी. आणि मुखरू शनिवारी येणार होता.

शुक्रवारी सगळे बाहेर असताना रिना पेन्सिल घेऊन कोपऱ्याशी आली. तिला काटकोनाची रेघ कुठून जाईल ते आखायचं होतं. उशी बाजूला केली तेव्हा तिला भिंतीवर डाग दिसला. तेलाचा, काळपट, तुळतुळीत, कानाच्या आकाराचा. डोकं टेकल्याचा डाग पसरट असतो आणि त्याला कडा नसतात. याला कडा होत्या.

तिने बोटाने भिंत वाजवली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. बाकीचे तीन कोपरे वाजवले, ते मुके होते. परत आली, पुन्हा वाजवलं.

पलीकडून कुणीतरी वाजवलं.

रिना जागीच थांबली. तिने पेन्सिल कानामागे लावली आणि विचार केला. सासूला गल्लीतल्या गोष्टी कुणी न सांगता कळतात, हा घरातला मोठा विनोद होता. काकूंकडे पाहुणे येणार हे तिला पाहुण्यांच्या आधी कळायचं. मिथुन याला अंतर्ज्ञान म्हणायचा. रिनाने एकावर एक ठेवून पाहिलं. मग उशी होती तशी ठेवली, पेन्सिलची रेघ आखली आणि हे कुणालाही सांगितलं नाही. तपासणीचा निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा, हा तिचा नियम होता.

रात्री जेवताना बायनाबाईने पुन्हा सोमवारचं काढलं. रिनाला वाटलं, हो म्हणावं. पण दुपारी कोंबड्याने आरशाला चोच मारून टवका उडवला होता.

शनिवारी सकाळी भिंतीवरचे फोटो उतरवून, फडक्यात गुंडाळून पुढच्या खोलीत ठेवले. बाज बाहेर निघाली. बायनाबाई बाजेबरोबर निघाली नाही, ती दाराशी उभी राहिली. मुखरूने छिन्नी लावली.

पहिल्या घावाला थोडी माती सांडली. मुखरू म्हणाला, पक्कं काम आहे, जुन्या लोकांचा हात. दुसरा घाव त्याने जरा जोरात घातला. पक्कं काम एका झटक्यात खाली आलं. माती, तट्ट्या, त्याच्यामागची पोकळी, त्याच्यामागचा दुसरा तट्ट्या, सगळं. मुखरू हातोड्यामागे खांद्यापर्यंत भिंतीत गेला आणि परत आला. धूळ बसायला वेळ लागला.

भोकात एक कान होता.

उजवा नाही, डावा. पलीकडे तोच भिंतीला लागत असणार. कानात फूल नव्हतं, नुसतं भोक होतं. कान क्षणभर तसाच राहिला, जसा कुणी उठवलं की माणूस आधी हलत नाही. मग तो वळला आणि त्याच्या जागी रुखमाचा चेहरा आला, माती पडलेला.

रुखमा सकाळपासून तिथे बसून होती. आज कोपरा फोडणार हे तिने गुरुवारी ऐकलं होतं, पण फोडतील आणि नवा करतील असं तिला वाटलं होतं. फोडल्यावर आपण दिसू हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता समोर पाचजणं उभी होती आणि काहीतरी बोलणं भाग होतं. तिने सुचलं ते विचारलं.

"कोंबड्यानं आरसा जास्त फोडला का वो, रिना?"



"कोपऱ्यातच फोडला, काकू," रिना म्हणाली. "थोडासा."

बायनाबाई त्या कानाकडे पाहत होती, जिथे आता कान नव्हता तिथे. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट कधी सुचली नव्हती. आवाज इकडे येतो, तर तो तिकडेही जातो. भिंतीला एकीचं ऐकायचं आणि दुसरीचं नाही असं बंधन नव्हतं. आपण या कोपऱ्यात झोपून काय काय बोललो हे ती आठवू लागली, आणि आठवता आठवता तिने दाराची चौकट धरली.

तेवढ्यात आवाज ऐकून पलीकडे हेमराज आला. त्याने बायकोला बाजूला केलं आणि भोकातून पाहिलं. समोर भावाचं पोट होतं. देवराव वाकला, तेव्हा चेहरा दिसला.

"माझी भिंत काऊन फोडली?" हेमराज म्हणाला. स्वाती रांगत असल्यापासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य.

"अर्धी माझी आहे."

"मंग तुझी अर्धी फोडाची होती."

"जिथी फोडली तिथी भिंतच नव्हती गा."

हेमराजने भोकात हात घालून पाहिलं. खरंच नव्हती. "काऊन नव्हती?"

"तू विटा आणल्या नाई म्हणून."

"तू मत दिलं नाई म्हणून."

"दिलं होतं."

"मंग कोणी नाई दिलं?"

 बायनाबाईने तोंड उघडलं. भोकाच्या कडेला रुखमाचा एक डोळा दिसत होता, आणि तो बायनाबाईवर होता. रुखमा अगदी साध्या, चौकशीच्या आवाजात म्हणाली, "बाई, तो भंगारवाला आता येत नाई का वो इकडं?"

बायनाबाईने तोंड मिटलं.

देवरावचं एक हार्मोनियम होतं. त्यावर तो पहाटे उठून गाणी म्हणायचा, मोठ्याने, आणि सूर सोडून. निवडणुकीनंतरच्या वर्षी ते चोरीला गेलं. हेमराजनेच सूड म्हणून पळवलं, असं देवराव आजही सांगायचा. ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून राजुऱ्याकडे गेलं होतं, हे फक्त बायनाबाईला माहीत होतं. ती त्या पहाटे पहिल्यांदा शांत झोपली होती आणि झोपण्याआधी भिंतीला म्हणाली होती, गेलं बाई एकदाचं.

भिंतीने ऐकलं होतं.

दोघी जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या. मधल्या भोकातून दोघे भाऊ ओरडत होते, मत, विटा, हार्मोनियम. मिथुन एकदा बापाला हो म्हणत होता आणि एकदा काकाला. रिनाने दोन डोळ्यांकडे पाहिलं, दोन रिकाम्या कानांकडे पाहिलं, आणि मुखरूला विचारलं की हे किती विटांचं काम आहे.

"विटांचं?" मुखरू अजून हात झटकत होता. "मी तं गिलाव्याले आलो होतो."

"हवेवर गिलावा बसत नाई ना, मुखरूभाऊ."

ते कुणालाच नाकारता आलं नाही. हेमराज म्हणाला, विटा त्याच्याकडे आहेत, त्याच वेळच्या, मागे टिनाखाली रचून ठेवलेल्या. देवराव म्हणाला, त्याच्याही आहेत, आणि त्याच लागतील. तो तावातावाने परसात गेला. त्याच्या विटांवर पाण्याचा ड्रम होता, काहींची चूल झाली होती, आणि उरलेल्यांवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"मिथुनची माय, माझ्या विटा?"

"मले काय मालूम त्या कायच्या होत्या," बायनाबाई म्हणाली. "मले वाटलं उरलेल्या आहेत."

तेव्हा भिंत हेमराजच्या विटांनी पुरी होणार होती. देवरावला ते सहन होईना, म्हणून तो म्हणाला की विटा त्याच्या असल्या तरी रचणार मी. हेमराज म्हणाला की त्याच्या बाजूने तो स्वतः रचेल. मुखरूने दोघांना पाहिलं, बाजेवर जाऊन बसला आणि बिडी पेटवली. मग दोन निवृत्त खाणकामगार एका हातभर फटीत दोन बाजूंनी विटा लावू लागले. प्रत्येकाला दुसऱ्याची बाजू वाकडी दिसत होती. ओळंबा मधे सोडला होता आणि दोघेही म्हणत होते की ओळंबाच वाकडा आहे. मिथुन मसाला कालवत होता आणि दोन्हीकडे देत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना असायची सोय झाली होती.

बायनाबाई पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. भोक लहान होत होतं. तिला रुखमाला एवढंच म्हणायचं होतं, उद्याचं काय. पण भोकाला भावांची तोंडं लागली होती. एका विटेएवढी जागा उरली तेव्हा दोन चेहरे एकमेकांपासून वीतभर अंतरावर होते.

"हेमराज," देवराव म्हणाला. "मी मत दिलं होतं गा."

हेमराजने शेवटची वीट उचलली. "बाजू धर," तो म्हणाला. "सरळ बसू दे."

वीट बसली. मग मुखरू उठला, बिडी विझवली आणि सिमेंटचा गिलावा घेतला. पट्टी फिरवली, रंधा फिरवला, गुण्या लावला. गुण्या हलला नाही. कोपरा इतका काटकोनात आला की आता बाकीची सगळी खोली तिरपी दिसू लागली आणि देवराव मान वाकडी करून उभा राहिला.

रविवारी गिलावा ओला होता, पाणी मारायचं होतं, पण आलमारी नुसती मापापुरती लावून पाहू, असं मिथुन म्हणाला. ती लावली. दार पूर्ण उघडलं. देवराव समोरून, सरळ चालत आत आला, बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. रिनाने भिंतीला लागू नये म्हणून मागे दोन बोटांची फट ठेवली आणि आरशाचा उडालेला टवका साडीच्या पदराने पुसला. पडवीत कोंबडा आपल्या वैऱ्याला शोधत होता.

संध्याकाळ झाली. पलीकडे फोन वाजायची ही वेळ होती. बायनाबाईने आधी आलमारीशेजारच्या भिंतीला कान लावला. काही नाही. फटीत डोकं घालून पाहिलं, डोकं गेलं नाही. मग ती खोलीत एकटी आहे याची खात्री करून तिने आलमारीचं दार उघडलं, साड्या टांगायच्या बाजूला शिरली, दार ओढून घेतलं आणि मागच्या पत्र्याला कान लावला. ती अंगाने चिमणीएवढी होती, सहज मावली. तिला फक्त स्वतःचं धडधडणं ऐकू आलं, पत्र्यामुळे मोठं झालेलं.

दार उघडलं. देवराव टॉवेल शोधत होता.

"काय करून राह्यली?"

"जागा किती आहे ते पाहून राह्यली."

"मंग?"

"पुरते."

देवरावने तिच्या डोक्यावरचा टॉवेल घेतला आणि दार लावून टाकलं. त्याला इतक्या वर्षांत बायकोच्या गोष्टींमागची कारणं विचारायची सवय राहिली नव्हती.

दुसऱ्यांदा दार रिनाने उघडलं. ती आत वाकली आणि लॅबमध्ये पेशंटला विचारतात त्या आवाजात तिने विचारलं, "आई, काई ऐकू येते का?"

बायनाबाई सुनेकडे पाहत राहिली. किती दिवसांपासून हिला माहीत आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कधीच कळत नसे.

"नाई," ती शेवटी म्हणाली.

"आई, काकूच्या घराले दार आहे."

बायनाबाई आलमारीतून उतरली. पदर नीट केला. देवळीत ठेवलेलं हरवलेलं फूल काढून उजव्या कानात घातलं, भोक बुजत आलं होतं म्हणून जरा जोर लावावा लागला. हातात काहीतरी असावं म्हणून वाटी घेतली. दोन्ही घरांची दारं शेजारी शेजारी होती, एका चटईएवढ्या अंतरावर. ते अंतर चालून तिने कडी वाजवली तेव्हा तिला कळलं की वाटी रिकामी आहे.

हेमराजने दार उघडलं.

"काय पाह्यजे, वहिनी?"

"साखर."

तो साखर आणायला वळला आणि ती त्याच्या बाजूने आत गेली. घर तिला पाठ होतं, पण भांडणानंतर डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होती. चूल तिला वाटली होती त्याच्या उलट बाजूला होती. रुखमा मागच्या खोलीत, नव्या काटकोनी कोपऱ्याला टेकून, फोन कानाला लावून बसली होती. बायनाबाईला पाहून ती थोडी सरकली. बायनाबाई शेजारी बसली आणि रिकामी वाटी मांडीवर ठेवली.

रुखमाने फोन कानावरून काढला, दोघींच्या मधे धरला आणि स्पीकर लावला.

"आई?" स्वातीचा आवाज आला. "आवाज असा काऊन येऊन राह्यला? कोणी आलं का?"

"कोणी नाई," रुखमा म्हणाली. "मोठी आई आहे. मागचं सगळं तिले माहीत आहे. तू पुढचं सांग."